आबांची चाळिसावी विहीर

कावळ्याला शब्द देण्याआधी माणसानं दहा वेळा विचार करावा. साहेबाला दिलेला शब्द फिरवता येतो, बायकोला दिलेला विसरल्यासारखं करता येतं. कावळ्याचं तसं नाही. तो रोज आपल्या ग्यालरीच्या जाळीवर येऊन बसतो, मान वाकडी करतो आणि एका डोळ्यानं घरात बघतो. सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं मी स्मरणपत्रं पाठवली आणि आलेली दाबून ठेवली, पण असलं स्मरणपत्र मला आजवर कुणी पाठवलं नव्हतं.

आमचे आबा, म्हणजे सटवाजी मास्तर, मूळ रेणापूरचे. लातूरला एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. रिटायर झाल्यावर आईला घेऊन माझ्याकडे नांदेडला आले आणि मागच्या चैत्रात झोपेतच गेले. वय एक्क्याऐंशी. कुणाला तिळभर त्रास दिला नाही. त्रास सुरू झाला तो दहाव्याला.

गोदावरीच्या काठावर सकाळी आठला पिंड ठेवला. कावळे होते, नव्हते असं नाही. चांगले आठ-दहा कावळे समोरच्या झाडावर बसलेले. शेजारच्या कुटुंबाचा पिंड त्यांनी ठेवल्या ठेवल्या उचलला. आमच्याकडं ढुंकून बघेनात. मी हात जोडून म्हणालो, "आबा, आईला शेवटपर्यंत सांभाळतो." कावळे गप्प. "आबा, रेणापूरचं रान विकत नाही." एकानं पंख खाजवला. माझी बायको सिंधु म्हणाली, "मामंजी, तुमच्या माघारी घरात भांडण होऊ देणार नाही." यावर तर तो कावळा दुसऱ्या फांदीवरच जाऊन बसला. दीड तास झाला, डोक्यावर ऊन आलं, गुरुजी सारखे मोबाईलमध्ये वेळ बघायला लागले. तेवढ्यात आबांची धाकटी बहीण, आमची केवळाबाई आत्या, कपाळावर हात मारून ओरडली,

"आरं अमर! त्याचा गेम ऱ्हायला की रं! मरायच्या आधी आठ रोज मला फोनवर म्हनला, केवळे, समदं झालं बघ, येकच विहीर ऱ्हायली!"

इथं मला थोडं मागं जाऊन सांगणं भाग आहे. शहाण्णव साली आबांनी लातूरच्या गंजगोलाई बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. आणला माझ्यासाठी, मी दोन दिवस खेळलो, पुढं तीन-चार वर्षं ते खेळले. त्यातल्या पिवळ्या कॅसेटमधला एकच गेम. नाव कुठल्या तरी परक्या लिपीत, म्हणून घरात त्याला विहिरीचा गेम म्हणायचे. एक लाल माणूस, एक हिरवा. दोघांच्या हातात कंदील. विहिरीत उतरायचं, तळाशी दोन दगड असतात, तिथवर पोचायचं. अशा चाळीस विहिरी. लाल माणूस एक नंबरच्या रिमोटवर चालायचा, तो आबा. हिरवा दोन नंबरवर. दोन नंबर धरायला कुणी नसायचं, म्हणून हिरवा बिचारा सगळा वेळ विहिरीच्या काठावर उभा. ड्रॉइंग मास्तर असल्यानं आबांनी प्रत्येक विहिरीचा नकाशा चौकटीच्या वहीत काढून ठेवला होता. एकोणचाळीस पानं भरलेली. चाळिसाव्या पानावर नुसता आकडा. मग मशीन बिघडलं, ट्रंकेत गेलं, आणि आबा त्याबद्दल परत कधी बोलले नाहीत. म्हणजे आत्याशी बोलत होते, आम्हाला पत्ता नव्हता.

तर घाटावर मी आधी ऑफिसातलं कुणी आलेलं नाही ना ते बघून घेतलं, हात जोडले आणि हळूच म्हणालो, "आबा, तुमचा गेम मी पुरा करतो. वर्षाच्या आत."

माझं वाक्य संपायच्या आत कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

चाळीस नातेवाईक एकदम "हाऽऽ" म्हणाले. वर्षाच्या आत, हे शेपूट मी कशाला जोडलं देव जाणे. नोकरीची सवय, दुसरं काय! मुदत टाकल्याशिवाय आमचं वाक्य पुरं होत नाही. आणि तिथंच आईनं, पंचफुलाबाईंनी, ओल्या पदरानं डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर नेम धरला, "गेम व्हईस्तोर मी केळं खानार न्हाई."

आमच्या घरात केळं म्हणजे अर्धापूरचं, आणि ते रोज दुपारी दोन वाजता आबा आणि आई अर्धं अर्धं खायचे. पन्नास वर्षांचा रिवाज. म्हणजे आता हिशेब सरळ होता. गेम पुरा होत नाही तोवर तिकडं आबा मधेच कुठंतरी अडकलेले आणि इकडं आईचं केळं बंद. आणि हे सगळं माझ्या शब्दावर.

घरी आल्यावर ट्रंक उघडली. मशीन गंजलेलं. भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच सल्ला दिला, "कॅसेटीत फुंकर मार." या देशात ज्याला काहीच येत नाही त्यालाही कॅसेटीत फुंकर मारता येते. मी फुंकलं, सिंधुनं फुंकलं, दुधवाल्यानं घागर खाली ठेवून फुंकलं. शेवटी वरच्या मजल्यावरचे गुरुबसप्पा आले. हे निलंग्याकडचे. जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी मशीन पालथं घातलं, पोटावर दोन बोटं वाजवली, कान लावला.

"यप्पा! हे गेलं की हो, अमरनाथराव," ते म्हणाले. "चारा-पानी बंद करा आता."

"आणि कॅसेट?"

त्यांनी कॅसेट हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. "ही गरम हाय," म्हणाले. "उन्हात ठेवली होती का?"

ती तासापूर्वी ट्रंकेतून काढलेली होती.

टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेला शिवप्रसाद मला गुरुबसप्पांनीच सुचवला. त्यानं कॅसेटच्या पिना खोडरबरानं घासल्या, आतला गेम संगणकात ओढून घेतला आणि मला एक काळा डबा विकला. या डब्यात एम्युलेटर असतो. एम्युलेटर म्हणजे काय, हे त्यानं मला बहुरूप्याचा दाखला देऊन समजावलं.

"बहुरूपी कसा, हवालदार नसतो पन हवालदाराचं सोंग घेऊन दारात येतो? तसा हा डबा जुन्या मशीनचं सोंग घेतो, साहेब. गेमला वाटतं, आपन आपल्याच घरात हाव."

म्हणजे मेलेल्या माणसाची इच्छा पुरी करायला मेलेल्या मशीनचं सोंग उभं करायचं. दुकानात पंखा चालू होता तरी मला घाम फुटला. मी विचारलं, "आणि खरं मशीन आलं तर?"

"ते कुठून येतंय?" शिवप्रसाद हसला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

त्यानं जुन्या धर्तीच्या दोन नव्या रिमोटांची वायरवाली जोडीही दिली. घरी येऊन बघतो तर दोन नंबरच्या रिमोटवर स्टार्टचं बटणच नाही! मी तणतणत परत गेलो. शिवप्रसाद शांतपणे म्हणाला, "ते जुन्याची हुबेहूब नक्कल हाय, साहेब. जुन्याला बी नव्हतं. सुरू करायचा मान एक नंबरचा. एकानं स्टार्ट दाबल्याबिगर दोन काय बी करू शकत न्हाई." मला ही पद्धत ओळखीची वाटली. आमच्या ऑफिसातही असंच चालतं. दोन नंबर मी रबरबँड लावून शोकेसच्या कप्प्यात टाकून दिला, कारण खेळणारा मी एकटाच होतो.

आता लावा टीव्हीला आणि खेळा, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणालो होतो. पण शिवप्रसादनं मोठ्या मनानं डब्यात आणखी तीन हजार गेम फुकट टाकले होते, आणि आबांचा गेम त्या गर्दीत कुठंतरी बिननावाचा. गेमांची यादी दाखवायला त्यात फ्रंटएंड नावाचा प्रकार असतो. दुकानाचं शोकेस म्हणा. हा फ्रंटएंड प्रत्येक गेमला आपल्या मनानं नाव आणि चित्र चिकटवतो. त्यानं कुस्तीच्या गेमवर मासे लावले होते, मोटारींच्या गेमवर राजकन्या. एकच गेम आठ वेगवेगळ्या नावांनी. इतकी अंदाधुंदी मी आमच्या रेकॉर्ड रूममध्येसुद्धा पाहिलेली नाही.

मी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं, 'दिवंगत वडिलांची अपूर्ण इच्छा पूर्ण करणे.' अर्ज परत आला. वर साहेबांचा शेरा, 'इच्छेचे स्वरूप नमूद करावे.' मी नमूद केलं, 'विहीर.' अर्ज पुन्हा परत, 'विहीर खाजगी की योजनेतील? सातबारा जोडावा.' टीव्हीतल्या विहिरीचा सातबारा मी कुठून आणू? रजा नामंजूर झाली आणि सगळ्या ऑफिसात मी विहीरवाला म्हणून प्रसिद्ध झालो. सत्तावीस वर्षांची अब्रू एका शेऱ्यात गेली.

मग रोज संध्याकाळी जेवणाआधी मी एकेक गेम उघडून बघायचा, खरं नाव लिहायचं, फोल्डरात टाकायचं, असा सपाटा लावला. फोल्डर मी ऑफिसच्या पद्धतीनं केले. प्रलंबित, निकाली, दप्तरजमा. सिंधु म्हणायची, "घरात पन फायलीच करून राहिलात का?" आई मात्र रोज दारात उभी राहून विचारायची, "झाला का रे गेम?" आणि मी नाही म्हणालो की फडताळातल्या केळ्यांकडं न बघता आत जायची. त्या प्रश्नानं मला भूक लागायची नाही. जानेवारी उजाडला तरी आबांचा गेम सापडला नव्हता.

सापडला तो असा. एका संध्याकाळी डबा चालू केला तर यादीत सगळ्यात वर एक गेम आलेला. चित्र कोंबडीचं. खाली लिहिलेलं, शेवटचं खेळलेलं, आज, दुपारी दोन. मी दुपारी दोनला ऑफिसात स्मरणपत्रं लिहीत होतो. सिंधु शाळेत शिकवत होती. मी बटण दाबलं. काळा पडदा, परकी अक्षरं, आणि मग विहीर. काठावर लाल माणूस, हिरवा माणूस. मी आबांची वही काढून पहिलं पान पडद्याला लावलं. पायरी न् पायरी जुळली.

आनंदानं मी ओरडलो. आई धावत आली, पडद्याकडं बघितलं आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली. दोनचं कोडं मी त्या रात्रीपुरतं डब्याच्या घड्याळावर ढकललं. चिनी घड्याळ, त्याला आपली वेळ कुठून कळणार?

पुढं दीड महिना मी खेळलो. तुम्हाला सोपं वाटत असेल तर माझ्या अंगठ्यांना विचारा. आधी खाली दाबलं की लाल माणूस वर चढायचा. शिवप्रसादनं ते सरळ केलं तर आवाज गेला. आवाज आला तर लाल माणूस निळा झाला. गुरुबसप्पा रोज मागं बसून सांगायचे, "डावीकडनं दाबा, बिचकलंय ते." पण आबांचे नकाशे पक्के होते. फेब्रुवारीच्या शेवटी मी एकतिसाव्या विहिरीपर्यंत पोचलो, तिथं सेव्ह केलं आणि आईला सांगायला गेलो. आई तांदूळ निवडत होती.

"आई, आता नऊच राहिल्या. वर्षश्राद्धाच्या आधी होतंय बघ."

"बरं," एवढंच ती म्हणाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, झाला का गेम हा प्रश्न तिनं कितीतरी दिवसांत विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा लावला. चौथी विहीर. एकतिसावीतून चौथीत! आणि खेळलेला एकूण वेळ दोन तासांनी वाढलेला.

मी शिवप्रसादकडं गेलो. त्यानं डबा उघडला, सेव्हची फाईल बघितली आणि डोकं खाजवलं. "साहेब, फाईल बिघडली न्हाई. कुनीतरी पहिल्यापासून खेळून चौथीला ठेवलाय. वेळ पडलीय, दुपारी चार."

"घरी फक्त आई असते रे. तिला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही."

"मग तुमीच सांगा," तो म्हणाला आणि डबा माझ्याकडं सरकवला. पुन्हा त्याला हात लावेना.

गुरुबसप्पांचं म्हणणं पडलं की टळटळीत दुपार ही वेळच वाईट. "आमच्यात हे कावळ्याचं न्हाई," ते म्हणाले, "पन तुमच्यात हाय म्हनल्यावर, ज्याला शब्द दिला तो येऊन काम तपासणारच की. साहेब न्हाई का येत तपासणीला?" त्यांच्या सल्ल्यानं डब्यावर लिंबू ठेवलं. लिंबू वाळलं. तिसऱ्या दिवशी एकूण वेळ सहा तासांनी वाढलेला आणि गेम पुन्हा पहिल्या विहिरीवर. मी खेळून पुढं न्यायचा आणि कुणीतरी आणून मागं सोडायचं. आणि ग्यालरीतला तो कावळा! सिंधुनं रविवारी मला दाखवलं. दोन वाजले की तो जाळीवर यायचा आणि टीव्हीकडं तोंड करून बसायचा. बंद टीव्हीकडं.

मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो, हा माझा जुना दोष आहे. मी ठरवलं, मुळावरच घाव घालायचा. स्टार्टचं बटण फक्त एक नंबरवर आहे ना? मग एक नंबरचा रिमोट मीच ऑफिसात घेऊन जातो. बघू कोण खेळतंय ते! सोमवारी वायर गुंडाळून रिमोट जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातला, पिशवी खुर्चीला अडकवली आणि कामाला लागलो.

दुपारी दोनला पिशवीतून आवाज आला. टिक्.

एकदाच. पलीकडच्या टेबलावरचे दयानंद कुलकर्णी म्हणाले, "अमरनाथराव, डब्याचं झाकण उघडलं वाटतं." मी पिशवी उघडून बघितली नाही. घाम पुसला आणि आलेल्या टपालावर शिक्के मारत बसलो. एकाच पत्रावर मी सात शिक्के मारल्याचं नंतर निघालं, आणि त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला.

मंगळवारी पुन्हा. दोन वाजता, टिक्. बुधवारी मला राहवलं नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं, जे तोवर खरंही झालं होतं, आणि रिक्षा करून घरी आलो. अडीच वाजले होते. गल्लीत कुत्रं नव्हतं. जाळीवर कावळा. मी लॅचची किल्ली हळूच फिरवली.

आतून विहिरीच्या गेमचं ते संगीत येत होतं, टुणुक टुणुक.

समोरच्या खोलीत टीव्हीपुढं दोन खुर्च्या. एका खुर्चीवर आई, पाठमोरी, पदर खोचलेला, हातात दोन नंबरचा रिमोट. रबरबँड काढून मनगटाला घातलेला. दुसरी आबांची वेताची खुर्ची, रिकामी. पडद्यावर हिरवा माणूस विहिरीच्या पायऱ्या उतरत होता. आणि त्याच्या दोन पायऱ्या पुढं, कंदील वर धरून, लाल माणूस उतरत होता. उतरताना मधेच थांबायचा, हिरवा जवळ आला की पुढं जायचा.

माझी एक नंबरची वायर माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर.

मी खाली बसायला म्हणून हाताला लागली ती खुर्ची धरली, तर मागं न बघता आई म्हणाली,

"अमर, तिथं बसू नको. आबा हायत."

मी चप्पल-स्टँडवर बसलो. ते मोडलं. त्या आवाजानं पडद्यावरचे दोघंही थांबले.

"आई," मी कसंबसं म्हणालो, "तुला हे लावता कुठं येतं?"

"मी कुठं लावून राहिले? दोनला आपोआप लागते. लाल उभा ऱ्हातो काठावर, वाट बघत. मग मी येते."

"आन् लाल कोण चालवतं?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी लहानपणी सात पाचे किती हे विचारल्यावर बघायची.

मग तिनं सांगितलं. लातूरला असताना आबांनी पहिल्याच आठवड्यात दोन नंबर तिच्या हातात दिला होता. ती दोन विहिरी उतरलीही. पण मास्तरची बायको दुपारी पोरागत खेळून राहिली म्हणून शेजारणी हसल्या, आणि हिनं लाजेनं रिमोट खाली ठेवला तो ठेवलाच. "त्यांनी परत कधी म्हनलं न्हाई. पन हिरव्याला काठावर ठेवून यकटेच उतरायचे. शेवटच्या विहिरीत दोन दगडावर दोघं उभे ऱ्हायले तरच दार उघडतंय, अमर. यकट्याचं न्हाई उघडत. म्हून ऱ्हायली त्यांची."

"मग आता दोघं आहात की! करून टाका की पुरी! मी एकतिसावीपर्यंत आणलेला तुम्ही चौथीवर नेता, पुन्हा पहिलीवर नेता, मी इकडं अंगठे झिजवून राहिलो—"

"मीच म्हनते त्यांना, मागं चला, पहिल्यापासून खेळू." आईचा आवाज एकदम बारीक झाला. "येवढी काय घाई हाय? दार उघडलं की जातेत की रे ते."

मी मोडलेल्या स्टँडवर बसून राहिलो. भीती कुठं गेली ते कळलं नाही.

"आन् तुझं केळं?"

"केळं काय, जल्मभर खाल्ली."

चार वाजता संगीत थांबलं. कावळा उडाला. आईनं दोन नंबरला रबरबँड लावून तो कप्प्यात ठेवला आणि चहा टाकायला गेली. सिंधु आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, मग आबांच्या खुर्चीला लावून बघितला, आणि दोन्हींत खुर्चीच जास्त गरम आहे असं म्हणाली. पुढचे पंधरा दिवस मी रोज पिशवीत रिमोट घेऊन ऑफिसात गेलो. दोनला टिक् झालं की बरं वाटायचं. झालं नसतं तर मी रजा टाकून घरी पळालो असतो.

पण वर्षश्राद्ध काही टळणार नव्हतं. चैत्रातलं ऊन, गच्चीवर तीस नातेवाईक, केळीच्या पानावर घास वाढलेला. कावळा पाण्याच्या टाकीवर येऊन बसला आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघायला लागला. खाली येईना. अर्धा तास गेला. केवळाबाई आत्यानं माझ्यापुढं येऊन कमरेवर हात ठेवले.

"अमर, गेम झाला का?"

तीस माणसं माझ्याकडं वळली. गुरुबसप्पा जिन्यात उभे होते, त्यांनी डोळे मिटले.

"नाही झाला," मी म्हणालो.

"मग बस आता गुमान उन्हात! बापाला दिलेला शब्द पाळता येत न्हाई, आन् कचेरीत शिक्के मारतो म्हनं!"

हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. अपमानानं माझे कान तापले. तेवढ्यात माझी नजर आईकडं गेली. ती भिंतीला टेकून उभी होती. पदराचं टोक मुठीत गच्च धरलेलं. ती कावळ्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती, आणि नको म्हणावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. मी मनात आणलं असतं तर चार रात्री जागून, सिंधुच्या हातात दोन नंबर देऊन चाळिसावी विहीर निकालात काढली असती. शब्द पुरा झाला असता. फाईल दप्तरजमा.

मी पानापुढं गेलो, हात जोडले, आणि या खेपेला कोण ऐकतंय ते बघितलं नाही.

"आबा, दिलेला शब्द मी परत घेतो. गेम पुरा करत न्हाई. मी न्हाई, दुसऱ्या कुनाला बी करू देत न्हाई. तुमी दोघं खेळा. मुदत न्हाई."

आत्या "आगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवायच्या आत कावळा टाकीवरून उतरला. पण घासाला शिवला नाही. पानाच्या कडेला उभा राहिला, वाट बघत. मग आई पुढं आली. टोपलीतलं एक केळं घेतलं, सोललं, मधोमध मोडलं. अर्धं पानावर ठेवलं.

"शब्दच माघारी घेतला तर नेम कशाचा?" ती कुणाकडंच न बघता म्हणाली, आणि उरलेलं अर्धं तिथंच उभ्यानं खाल्लं. एका वर्षानंतर. कावळ्यानं आपलं अर्धं उचललं आणि गेला.

जेवणं झाली. पाहुणे मिळेल तिथं आडवे झाले. दोनला पाच कमी असताना आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि समोरच्या खोलीत गेली. मी तिच्यामागून गेलो, पिशवीतून एक नंबरचा रिमोट काढला आणि आबांच्या खुर्चीवर ठेवला. वायर कशालाच जोडली नाही. गुंडाळलेली तशीच ठेवली. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

"काय झालं?" सिंधुनं विचारलं. मी ओठावर बोट ठेवलं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, तिनं माझा हात धरला. पलीकडच्या खोलीत आत्या घोरत होती.

आत टिक् झालं. मग संगीत लागलं, टुणुक टुणुक. आणि आईचा आवाज आला, नव्या नवरीसारखा दबका,

"अहो, हळू उतरा की. मी येऊन राहिले."